ओपन फाइल कुणाची? काम देण्याआधी हे वाचा

डिझाइनचं काम पूर्ण होतं, पैसे चुकते होतात आणि चार महिन्यांनी फोन येतो: “ती ओपन फाइल पाठवून द्या ना, एक तारीखच बदलायचीय.” आम्ही अडखळतो, समोरच्याला वाटतं आपली अडवणूक चाललीय. अशी कटुता दोन-तीनदा झाल्यावर हे पत्रक छापलं.

तुमच्या हातात पडते ती फायनल फाइल: पीडीएफ, पीएनजी किंवा जेपीजी. ती छापता येते, पाठवता येते, वेबसाइटवर लावता येते. ओपन फाइल म्हणजे जिच्यात आम्ही प्रत्यक्ष काम केलं ती, कोरलची सीडीआर, इलस्ट्रेटरची एआय, फोटोशॉपची पीएसडी किंवा इनडिझाइनची आयएनडीडी. तिच्यात प्रत्येक ओळ, चित्र, लेयर (एकावर एक रचलेला थर) सुटा असतो. आमच्या अर्धवट सोडलेल्या कल्पना आणि दहा कामांत फिरवून वापरलेले साचेही तिथेच पडून असतात. फिल्मच्या काळात फोटोग्राफर बहुधा प्रिंट द्यायचे आणि निगेटिव्ह स्वतःकडे ठेवायचे, तसंच हे.

पैसे दिले, म्हणजे मालकी आली?

आपोआप येत नाही. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात आज जगातले बहुतेक देश सामील आहेत. त्यानुसार कलाकृती तयार झाली की कॉपीराइट लागू होतो, नोंदणी लागत नाही. पगारी नोकराने केलेलं काम बऱ्याच देशांत मालकाचं धरतात. बाहेरून काम करणाऱ्या डिझायनरचं तसं नसतं. त्याच्याकडून हक्क घ्यायचे तर सहसा लेखी करार लागतो. देशागणिक यात फरक आहेत, फोटो आणि पोर्ट्रेटला तर काही ठिकाणी वेगळाच नियम आहे. म्हणून तोंडी बोलण्यावर आम्हीही विसंबत नाही.

इथे भल्याभल्यांची गल्लत होते ती अशी: कॉपीराइट आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे हक्क तुमच्या नावावर झाले, तरी करारात ओपन फाइलचा उल्लेख नसेल तर ती द्यायची की नाही यावर वाद होऊ शकतो. उलट, फाइल पेनड्राइव्हवर मिळाली म्हणून तिच्यात फेरफार करून नवं काम काढायचा हक्क मिळाला असंही नाही. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये दोन्हींसाठी वेगळ्या ओळी असतात. दोन्ही वाचा.

आमची पद्धत

लोगोची व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी रेषा न फाटणारी) आम्ही कायम देतो, वेगळे पैसे न घेता. तोच लोगो पेनवर जाणार आणि होर्डिंगवरही; ती फाइल नसेल तर लोगो दिलाच नाही म्हणायचं.

माहितीपुस्तिका, पॅकेजिंग, पोस्टर यांची ओपन फाइल हवी असेल तर काम सुरू होण्याआधी सांगा. तिचे पैसे वेगळे लावतो, कारण नको ते लेयर काढणं, जोडलेली चित्रं गोळा करणं, सगळं नीट नावं देऊन बांधणं यातही वेळ जातो. नंतर मागितलीत तरी देऊ, फक्त दर त्या वेळचा असेल.

आमचा अनुभव असा, की बहुतेकांना खरं तर फाइल नको असते. उद्या ही माणसं फोन उचलेनाशी झाली तर काय, ही धास्ती असते. ती रास्त आहे. म्हणून पहिलं वर्षभर तारीख, पत्ता, फोन नंबर अशी किरकोळ करेक्शन आम्ही फुकट करतो, आणि आम्ही व्यवसाय बंद केला तर ओपन फाइल ग्राहकाला मिळेल असं करारातच लिहितो.

फाइल आमच्याकडे दोन वर्षं राहते, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. पूर्वी एकाच डिस्कवर असायची. ती बसली आणि एका ग्राहकाची अख्खी पुस्तिका आम्हाला पदरमोड करून पुन्हा उभी करावी लागली.

फॉन्ट आणि फोटो

हे आमच्या मालकीचे नसतात, आम्ही फक्त लायसन्स घेतलेलं असतं. त्यामुळे ओपन फाइलसोबत विकतचा फॉन्ट देता येत नाही. तुमचं लायसन्स तुम्हाला घ्यावं लागतं. फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून दिला तर अक्षर हुबेहूब दिसतं, पण मजकूर टाइप करून बदलता येत नाही. मराठीत आणखी एक भानगड आहे. मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. नव्या कामांत आम्ही युनिकोडच वापरतो. विकत घ्यायचे फोटो शक्यतो तुमच्या नावाने घेतो, म्हणजे पुढे प्रश्न येत नाही.

ओपन फाइल मागताना ती कोण, कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीत उघडणार आहे तेही कळवा. इनडिझाइनची आवृत्ती जुनी असेल तर सोबत आयडीएमएल (जुन्या आवृत्तीतही उघडणारी इनडिझाइनची फाइल) देऊ आणि मूळ मांडणी ताडून बघता यावी म्हणून एक पीडीएफही.