आंबट शेवटी का घालायचं? कोलार्ड आणि चवळीच्या पातेल्यातलं विज्ञान

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या पट्ट्यात, १ जानेवारीला असंख्य घरांत दोन पदार्थ शिजतात: कोलार्डची पालेभाजी आणि चवळी. हिरवा पाला म्हणजे नोटा, चवळी म्हणजे नाणी; नवं वर्ष बरकतीचं जावं, हा त्यामागचा भाव. ही चवळी आपल्या उसळीतलीच. मूळची आफ्रिकेतली, भारतात ती फार पूर्वी आली आणि अमेरिकेत गुलामांच्या व्यापाराबरोबर पोचली. कोलार्ड हा कोबी-नवलकोलाचा सख्खा भाऊ, फक्त गड्डा न धरणारा. पानं जाड, मेणचट आणि कडवट.

ही पानं तिकडे पाऊण तास, तासभर, कधी त्याहून जास्त शिजवतात. नवख्या माणसाला वाटतं, भाजीचा पार लगदा केला. मला हा आक्षेप पटत नाही. कोबीच्या कुळातल्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट्स नावाची गंधकयुक्त संयुगं असतात. पान चिरलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) त्यांच्यावर काम करतं आणि मोहरीसारखा झणका तयार होतो. उकळत्या पाण्यात हे विकर निकामी होतं आणि कडवटपणाचा बराच भाग पाण्यात उतरतो. जाड देठ मऊ व्हायलाही वेळ लागतोच. थंडीत दव गोठल्यानंतर तोडलेला कोलार्ड गोडसर लागतो, कारण गारठ्यात तग धरण्यासाठी रोप पानांत साखर साठवतं.

रंग मात्र जातो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णतेने पेशी फुटल्या की पानातलीच आम्लं बाहेर पडतात, मॅग्नेशियमची जागा हायड्रोजन घेतो आणि पोपटी पान शेवाळी दिसू लागतं. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर हिरवेपणा टिकतो, पण पानं गिळगिळीत होतात आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

पातेल्यात पाल्याबरोबर डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा असतो. मंद आचेवर त्याच्या कातडीतल्या आणि शिरांमधल्या कोलॅजेनचं जिलेटिन होतं, म्हणून रस ओठांना किंचित चिकटतो. या रसाला तिकडे ‘पॉटलिकर’ म्हणतात. फोलेट आणि पोटॅशियम त्यात उतरलेलं असतं, त्यामुळे तो मोरीत ओतणं म्हणजे भाजीचं निम्मं मोल घालवणं. के जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, ते पानातच राहतं. मक्याची भाकर या रसात बुडवून खावी की कुस्करून, यावर १९३१ साली लुईझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटातल्या एका वर्तमानपत्राचे संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात जाहीर वाद रंगला होता.

आता चवळी. कडधान्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. ते विरघळलं की दाणा मऊ होतो. आम्लात पेक्टिन विरघळायला तयार होत नाही. म्हणून टोमॅटो किंवा व्हिनेगर सुरुवातीलाच पडलं, तर दाणे तासन्‌तास टणक राहतात. दक्षिणेत टेबलावर व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्यांची बाटली असते, ती ताटात वाढल्यावर शिंपडतात. आपणही चिंच किंवा आमसूल चवळी शिजल्यावरच घालतो.

कॅल्शियमचंही तसंच. ते पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं, म्हणून बोअरच्या जड पाण्यात कडधान्य लवकर शिजत नाही. मिठाबद्दल मात्र समज उलटा आहे. भिजवतानाच पाण्यात मीठ घातलं, तर सोडियम सालीतल्या कॅल्शियमची काही जागा घेतो आणि साल उलट मऊ पडते. दमट, उष्ण कोठीत वर्षभर पडलेली चवळी शिजता शिजत नाही, तीही याच कारणाने: दाण्यातलं फायटेट हे फॉस्फरसयुक्त संयुग हळूहळू फुटतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतं आणि पेक्टिनला जाऊन बिलगतं. अशा वेळी कुकरच्या शिट्ट्या वाढवण्यापेक्षा ताजं कडधान्य आणावं.

न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी लाल राजमा आणि भात करतात. धुण्याच्या दिवशी पातेलं चुलीवर ठेवून दुसरी कामं उरकता येत, म्हणून हा वार. घरी करणाऱ्याने इथे एक काळजी घ्यायलाच हवी. कच्च्या लाल राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन पोटात गेलं तर काही तासांत जोरदार उलट्या होतात. १०० अंशांवर १० मिनिटांत ते नष्ट होतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खबरदारी म्हणून ३० मिनिटं उकळायला सांगतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, एवढं तापमान येईलच असं नाही, आणि राजमा मऊ झाला म्हणजे विष गेलं असंही नाही. म्हणून तो निदान ५ तास भिजवावा, ते पाणी फेकावं, नव्या पाण्यात गॅसवर खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये टाकावा.