ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर का पडला : २०१६ च्या मतदानामागची साठ-सत्तर वर्षं

आपल्या तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचा एक्स्पोर्टचा द्राक्षमाल बरीच वर्षं एकाच नियमावर जायचा. युरोप म्हणजे बागेचं रजिस्ट्रेशन, फवारणीच्या नोंदी, मग लॅबचा माणूस येऊन बागेतनं सँपल नेणार आणि रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मालात औषधाचा अंश किती राहिला त्याचा रिपोर्ट, पास झाला की मगच तोडा. ब्रिटनही त्याच युरोपात असल्यामुळं रॉटरडॅमच्या पनेटला (द्राक्षाच्या छोट्या डब्याला) आणि लंडनच्या पनेटला वेगळा नियम नव्हता. १ जानेवारी २०२१ पासून तो वेगळा झाला. औषधाचा अंश किती चालेल हे ब्रिटन आता आपलं आपण ठरवतो, सुरुवातीला आकडे तेच होते पण पुढचे बदल दोघं आपापले करतात, त्यामुळं कुठलं औषध कधी बंद करायचं हे दोन याद्या बघून ठरवावं लागतं. गावात विषय निघाला की लोक म्हणतात, ते ब्रेक्झिट झालं ना त्याच्यामुळं. बरोबर आहे, पण ब्रेक्झिट म्हटलं की सगळे २०१६ पासूनच सांगायला लागतात आणि तिथंच गल्लत होते. युनियनमधे राहायचं का नाही हा प्रश्न ब्रिटनच्या लोकांना दोनदा विचारला गेला, १९७५ ला आणि २०१६ ला, आणि दोन्ही वेळा तो सत्तेतल्या पक्षाला आपल्या घरातलं भांडण मिटवायचं होतं म्हणून विचारला गेला. माझ्या मते सगळा गुंता इथनं सुरू होतो.

मुळात ही युनियन व्यापारासाठी जन्माला आलीच नाही. सत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा लढले, १८७०, १९१४ आणि १९३९. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्धा युरोप ढिगाऱ्यात पडलेला. ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी मांडलं की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक संस्थेच्या हाती द्यायचं, म्हणजे एकमेकांविरुद्ध तोफा ओतायची सोयच राहणार नाही. १९५१ ला पॅरिसमधे करार झाला, त्यात सहा देश, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. ब्रिटनला बोलावणं होतं, तो गेला नाही. पंतप्रधान ॲटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारनं कोळसा खाणी नुकत्याच सरकारी केल्या होत्या, त्या परत दुसऱ्याच्या ताब्यात कशाला द्यायच्या, शिवाय युद्ध जिंकलेलं, कॉमनवेल्थचा, म्हणजे आजी-माजी वसाहतींचा, व्यापार होता, अमेरिका पाठीशी होती. त्या सहा देशांसाठी एकत्र येणं हा जिवाचा प्रश्न होता आणि ब्रिटनसाठी फायद्यातोट्याचा हिशोब, हा फरक पुढं कधीच गेला नाही.

१९५५ ला कॉमन मार्केटची बोलणी सुरू झाली तेव्हा ब्रिटननं मंत्री पाठवला नाही, व्यापार खात्यातला एक अधिकारी पाठवला, रसेल ब्रेदर्टन, आणि वर्ष संपायच्या आत त्यालाही परत बोलावलं. २५ मार्च १९५७ ला रोमचा करार झाला, त्यातनं ते कॉमन मार्केट म्हणजे युरोपियन इकॉनॉमिक कम्युनिटी उभी राहिली, ब्रिटन बाहेरच. १९६० ला त्यानं आणखी सहा देशांना घेऊन स्वतःचा वेगळा व्यापारी गट काढला, एफ्टा. पण तोवर सुवेझची नामुष्की (१९५६ ला इजिप्तवर चढाई करून अमेरिकेच्या दबावानं मागं फिरावं लागलं ती) होऊन गेली होती, वसाहती एकामागून एक सुटत होत्या आणि कॉमन मार्केटमधले सहा देश ब्रिटनपेक्षा भराभर वाढत होते. मग १९६१ ला पंतप्रधान मॅकमिलन यांनी आत यायचा अर्ज केला. जानेवारी १९६३ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी पत्रकार परिषदेत सरळ नाही म्हणून सांगितलं, ब्रिटनचं तोंड समुद्राकडं आणि अमेरिकेकडं आहे असं त्यांचं मत. १९६७ ला मजूर पक्षाचे पंतप्रधान विल्सन यांचाही अर्ज त्यांनीच अडवला. द गॉल पायउतार झाल्यावर पंतप्रधान एडवर्ड हीथ यांना जमलं आणि १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क आत गेले.

उशिरा गेल्याचा तोटा झालाच. शेतीचं सामाईक धोरण आधीच ठरलेलं होतं, ते मोठ्या प्रमाणात फ्रान्सच्या शेतकऱ्याच्या सोयीचं, आणि ब्रिटन तर लोणी न्यूझीलंडचं आणि साखर कॅरिबियनची खाणारा देश. बाहेरच्या मालावर आता लेव्ही म्हणजे कर आला, आणि शेती लहान म्हणून परत मिळणारं अनुदान कमी. त्यात १९७३ च्याच ऑक्टोबरमधे तेलसंकट आलं, म्हणजे बाकीच्यांनी पंधरा वर्षं भरभराट बघितली आणि हे आत आले तेव्हा महागाई सुरू.

मजूर पक्षात यावरून दोन तट पडले होते. पक्ष फुटू नये म्हणून विल्सन यांनी सार्वमत घ्यायचं ठरवलं आणि मंत्र्यांना दोन्ही बाजूंनी प्रचार करायची मोकळीक दिली. ५ जून १९७५ ला मतदान झालं, ६७ टक्के लोकांनी आत राहायला कौल दिला. हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर तेव्हा आत राहण्याच्या बाजूनं प्रचार करत होत्या, सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घातलेला त्यांचा फोटो आहे, आणि बाहेर पडा म्हणणाऱ्यांत पुढं होते मजूर पक्षातले डावे टोनी बेन. नंतर हे सगळं उलटं झालं. पण १९७५ च्या प्रचारात भर होता तो किराणा मालाच्या किमती आणि नोकऱ्यांवर, आपल्या संसदेच्या वर युरोपचा कायदा चालणार आहे हे कुणी लपवलं नव्हतं पण त्यावर जोरही दिला नाही, आणि पुढच्या चाळीस वर्षांत आम्हाला बाजार सांगितला होता, राज्य कुठं सांगितलं होतं, ही तक्रार वाढत गेली. मला ती तक्रार सगळीच खोटी वाटत नाही.

पंतप्रधान झाल्यावर थॅचर यांनी १९८४ ला फोंतेनब्लोच्या बैठकीत भांडून जास्तीच्या वर्गणीचा दोन-तृतीयांश भाग परत मिळवला. नियमांचा एकच बाजार करायचा आराखडा तर त्यांच्याच माणसानं केला, युरोपियन कमिशनवर, म्हणजे कम्युनिटीचा कारभार चालवणाऱ्या मंडळावर, पाठवलेले लॉर्ड कॉकफिल्ड. म्हणजे २०१६ नंतर ब्रिटन ज्या सिंगल मार्केटमधनं बाहेर पडला त्याच्या उभारणीत ब्रिटनचाच मोठा हात होता. पण बाजार एक झाला की कामगारांचे नियम, चलन, कोर्ट हे मागोमाग येणार असं ब्रसेल्सला, म्हणजे त्या कमिशनला, वाटत होतं आणि थॅचर यांना ते मान्य नव्हतं, २० सप्टेंबर १९८८ ला ब्रूजमधल्या भाषणात त्यांनी तो विरोध उघड मांडला. हुजूर पक्षातली फूट तिथनं रुंदावली.

आणि मग १९९२. ऑक्टोबर १९९० मधे ब्रिटननं आपला पौंड युरोपच्या विनिमय दराच्या चौकटीत बांधून घेतला होता, एका पौंडाला २.९५ जर्मन मार्क, त्याच्या सहा टक्के खालीवर चालेल पण त्यापलीकडं जाऊ द्यायचा नाही. जर्मनी एकत्रीकरणाच्या खर्चामुळं व्याजदर चढे ठेवून होता, ब्रिटनमधे मंदी, म्हणजे खाली आणायला पाहिजे ते व्याज वर धरावं लागत होतं. १६ सप्टेंबरला सटोडियांनी पौंड विकायला काढला. बँक ऑफ इंग्लंड सकाळपासून राखीव साठ्यातनं पौंड विकत घेत बसली, सकाळी व्याजदर १० चा १२ केला, दुपारी १५ करतो म्हणून जाहीर केलं, तरी पौंड सावरेना, आणि संध्याकाळी अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी बाहेर येऊन चौकट सोडतोय असं सांगितलं. विचार करा, तिथं घराची कर्जं बहुतेक बदलत्या व्याजाची, एका दिवसात व्याजदर दीडपट व्हायची वेळ आलेली. पुढं काय झालं तर व्याज उतरलं, पौंड स्वस्त झाल्यावर निर्यात सुधारली आणि अर्थव्यवस्था वर आली. बाहेर पडलो आणि बरं झालं, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं, युरोपविरोधकांना याच्याएवढं मोठं उदाहरण नंतर कधी मिळालं नाही. त्याच काळात मास्ट्रिक्टचा करार संसदेत होता, कम्युनिटीची युनियन होणार होती, ब्रिटननं युरो चलनातनं सूट मिळवलेली तरी हुजूर पक्षाच्याच खासदारांनी आपल्याच पंतप्रधान जॉन मेजर यांना जेरीस आणलं. १९९३ ला यूकिप पक्ष निघाला, युनियनमधनं बाहेर पडा म्हणणारा.

२००४ ला दहा देश नव्यानं आले, त्यातले आठ पूर्वेकडचे. जुन्या देशांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडलं, बाकीच्यांनी काही वर्षं थांबवलं. वर्षाला १३ हजारांच्या आसपास लोक येतील असा ब्रिटनमधे एक अंदाज होता, आले त्याच्या कितीतरी पट. लिंकनशायरमधलं बॉस्टन हे भाजीपाल्याच्या शेतीचं गाव, तिथं कोबी-फ्लॉवर काढायला आणि पॅकिंगला पोलंड-लिथुएनियाची माणसं आली, शेती चालली ती त्यांच्यावरच, पण घरभाडी, शाळा, दवाखाने यावर ताण पडला आणि सरकारनं त्या हिशोबात पैसा दिला नाही. २००८ ची मंदी आणि २०१० नंतरची खर्चकपात त्यावर आली. २०१६ ला याच बॉस्टनमधे ७५.६ टक्के मतं बाहेर पडायला पडली, देशात सगळ्यात जास्त.

जानेवारी २०१३ ला हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी सार्वमताचं आश्वासन दिलं ते याच हवेत, यूकिप मतं खात होता, पक्षातले खासदार ऐकत नव्हते. २०१५ ला बहुमत आलं, मग मागं फिरता येईना. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं की आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, त्यात परत मिळणारी सूट वजाच केलेली नव्हती, आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं तो आकडा दिशाभूल करणारा आहे असं सांगितलं, तरी बस फिरतच राहिली. एक गोष्ट आपल्याकडं फार कुणाला माहीत नसते, या मतदानात ब्रिटनमधे राहणारे कॉमनवेल्थचे नागरिक मत देऊ शकत होते. म्हणजे सांगली-मिरजेचा भारतीय पासपोर्टवाला पोरगा लेस्टरला नोकरीला असेल तर त्याला मत, आणि शेजारी दहा वर्षं राहणाऱ्या पोलिश माणसाला नाही. २३ जून २०१६, बाहेर ५१.९, आत ४८.१. इंग्लंड आणि वेल्स बाहेर, स्कॉटलंड ६२ टक्के आत, उत्तर आयर्लंडही आत.

आता खरी अडचण. मतपत्रिकेवर राहायचं की सोडायचं एवढंच होतं, सोडून कुठं जायचं ते नव्हतं. वेगळं व्हायचं यावर भावाभावांत एकमत होतं, पण सामाईक विहिरीचं पाणी आणि बांधावरची वाट कुणाची हे आधी लिहून घेतलं नाही तर वाटणी कोर्टात जाते, तसं हे झालं. नॉर्वेसारखं सिंगल मार्केटमधे राहायचं, का कस्टम्स युनियनमधे (आपसात आयातकर नाही आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांचा कर एकच), का कॅनडासारखा नुसता व्यापार करार? सगळ्यात अवघड उत्तर आयर्लंड, कारण ते ब्रिटनमधे आणि त्याला लागून असलेला आयर्लंड हा वेगळा देश युनियनमधे. आयर्लंडबरोबरची ती सुमारे ५०० किलोमीटरची हद्द, तीस वर्षांच्या हिंसाचारात तिथं साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेलेली आणि १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर चौक्या गेलेल्या. ब्रिटन बाजारातनं बाहेर पडला की कुठंतरी माल तपासावा लागणार, हद्दीवर नाहीतर समुद्रात. प्रचारात यावर जवळपास बोललंच गेलं नाही, मला याचा आजही राग येतो.

२९ मार्च २०१७ ला ब्रिटननं बाहेर पडायची नोटीस दिली, दोन वर्षांची मुदत. कॅमेरून यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युनियनबरोबर ठरवलेला बाहेर पडायचा करार संसदेत जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ नं पडला. मार्चमधे संसदेपुढं एकाच दिवशी आठ वेगवेगळे पर्याय ठेवले, एकालाही बहुमत मिळालं नाही, यापेक्षा स्पष्ट पुरावा काय पाहिजे की २०१६ ला प्रश्न अर्धाच विचारला होता. शेवटी डिसेंबर २०१९ ची निवडणूक बोरिस जॉन्सन यांनी ८० च्या बहुमतानं जिंकली, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर, आणि तपासणी ग्रेट ब्रिटन (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स) आणि उत्तर आयर्लंडच्या मधल्या समुद्रावर गेली, म्हणजे एकाच देशात मालाला दोन नियम.

ब्रिटनच्या सरकारी खर्चाचे अंदाज बांधणारी ओबीआर संस्था सांगते की आत राहिला असता त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. दुसऱ्या बाजूनं, व्यापार करार स्वतः करायची मोकळीक मिळाली हेही खरं, २४ जुलै २०२५ ला भारताबरोबर जो करार झाला तो युनियनमधे राहून ब्रिटनला एकट्यानं करताच आला नसता. पण त्याच वर्षी १९ मे ला लंडनमधे ब्रिटन आणि युरोपियन युनियन यांच्यात ठरलं की अन्न आणि शेतमालाच्या तपासणीचे नियम पुन्हा जुळवून घ्यायची बोलणी करायची, आणि त्यात ब्रिटननं युरोपचे बदलते नियम पुढंही पाळायचे, ठरवताना मत मात्र नाही. ही बोलणी तडीला गेली तर रेसिड्यूच्या दोन याद्यांचं काय होणार, हे आपल्याकडच्या एक्स्पोर्टच्या बागायतदारानं ऑक्टोबर छाटणीआधी बघून ठेवावं, फवारणीचं शेड्यूल तिथनंच ठरतं.