ई-स्कूटरचा कंट्रोलर बिघडला तर इंदूरमधून तक्रार कशी करावी

मूठ सोडली तरी गाडी पळते, भर रस्त्यात अचानक बंद पडते किंवा चाक जाम होतं, तेव्हा संशय आधी मोटर कंट्रोलरवर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज जाईल हे ठरवणाऱ्या भागावर जातो. सर्व्हिस सेंटरवाले बहुतेक वेळा तो बदलून देतात आणि जुना ठेवून घेतात. तिथेच पुरावा हातचा जातो. म्हणून गाडी देण्याआधी डॅशबोर्डवरच्या एरर कोडचा व्हिडिओ काढा, किलोमीटरचा आकडाही त्यात दिसू द्या. चाक जड फिरत असेल तर मेकॅनिकला चावी बंद करून मोटरच्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवायला सांगा. टोकं एकमेकांना न लागता चाक मोकळं फिरलं, तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाल्याची शक्यता मोठी. हे जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदीवर लिहून घ्या. नुसतं ‘गाडी चालत नाही’ एवढ्यावर सही करू नका.

स्वतःच्या वापरासाठी गाडी घेणारा कोणीही ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. ई-रिक्षा चालवून घर चालवणाराही ग्राहकच. भाड्याने द्यायला गाड्यांचा ताफा घेतला असेल तर हा मार्ग सहसा मिळत नाही. मुदत, कारण घडल्यापासून 2 वर्षं.

आधी विक्रेता आणि कंपनी दोघांनाही लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर नोंद करा. तरीही दाद मिळाली नाही तर ई-जागृति पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात. गाडी कुठूनही घेतलेली असो, तुम्ही इंदूरला राहता तर इथे तक्रार चालते. वकील सक्तीचा नाही. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

सोबत बिल, वॉरंटी कार्ड, सगळी जॉब कार्डं, आरसी, विमा, पाठवलेल्या पत्राची पोच, ओळखपत्र आणि शपथपत्र जोडा. ताशी 25 किमीच्या आतल्या, 250 वॅटपर्यंतच्या हलक्या स्कूटरला आरसी नसते. तिच्या बिलावर चॅसी नंबर आहे ना, हे खरेदीच्या वेळीच बघा.

पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र जवळ आहे म्हणून गाडी स्वतः तिकडे नेऊ नका. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर कोणती प्रयोगशाळा, हे आयोग ठरवतो. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगू शकतो. अशा प्रकरणात निकालासाठी कायद्याने 3 ऐवजी 5 महिने धरले आहेत.