कोळसा खाणीतील घातक वायू

भूमिगत कोळसा खाणीत साचणारे विषारी व स्फोटक वायू. नागपूर जिल्ह्यात सावनेर, सिल्लेवाडा या कामठी कोळसाक्षेत्रातल्या खाणींमुळे हा विषय अनेक घरांच्या जिव्हाळ्याचा आहे.

मिथेन कोळशाच्या थरातच दडलेला असतो आणि कोळसा फोडला की सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा हलका असल्याने तो छतालगत आणि छत ढासळून झालेल्या पोकळ्यांत साचतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के असेल तर ठिणगी पुरते. त्या स्फोटाने उडालेली कोळशाची धूळही पेट घेते आणि आग बोगद्याबोगद्यांतून पसरते. ही धूळ पेटू नये म्हणून खाणीत दगडाची पूड मारून ठेवतात. 28 मे 1965 रोजी धोरी (आताचे झारखंड) खाणीतील स्फोटात 268 कामगार दगावले.

कार्बन मोनॉक्साइड मात्र अधिक दगाबाज. कोळसा काढून सोडलेल्या भागात, म्हणजे गोफमध्ये, उरलेला चुरा हवा लागून आपोआप तापतो, धुमसू लागतो आणि हा वायू सुटतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. डोके जड होते, पाय लटपटतात, आणि धोका उमजेपर्यंत चालण्याची ताकद उरत नाही. जानेवारी 1994 मध्ये पश्चिम बंगालमधल्या न्यू केंदा खाणीत आग लागून 55 जण गेले, ते याच वायूने. अशा गोफची तोंडे पक्क्या भिंतींनी बंद करून आतल्या हवेचे नमुने तपासत राहावे लागते. वातावरणाचा दाब उतरला की भिंतीच्या फटींतून आतला वायू बाहेर झिरपतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

कार्बन डायऑक्साइड जड असल्याने खोलगट जागी बसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वासावर विसंबू नये.

मायनिंग सरदार, म्हणजे खाणीत सुरक्षेची तपासणी करणारा पर्यवेक्षक, सुरक्षा दिव्याची (जाळीआड ज्योत असलेल्या दिव्याची) वात बारीक करून तो सावकाश छताकडे नेतो. ज्योतीवर निळसर टोपी चढली तर मिथेन आहे. खाली धरल्यावर ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे. आता वायुमापक यंत्रेही असतात. मिथेन 1.25 टक्क्यांपुढे गेला की वीज तोडून माणसे हलवायची, कामाच्या जागी प्राणवायू किमान 19 टक्के हवा, असा नियम आहे. मिथेन उत्सर्जनावरून खाणींच्या तीन श्रेणी करतात. पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी मिथेनच्या, श्रेणीची खाण म्हणजे बिनधोक, हा समज जिवावर बेततो: वायुवीजन थांबले तर तिथेही मिथेन साचतो, आणि धुमसणारा गोफ श्रेणी पाहत नाही.