बेस मॉडेल ते ‘फुल लोडेड’: ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या गाड्यांच्या घरगुती कामाची पार्श्वभूमी

छोटी गाडी बुक करताना ठाण्यात आणि नवी मुंबईत अजूनही एक हिशेब हमखास मांडला जातो. मधले मॉडेल घ्यायचे, की बेस मॉडेल घेऊन उरलेल्या पैशांत टेप, सेंट्रल लॉक आणि चाके बाहेरून बसवायची? हा हिशेब चाळीसएक वर्षांचा आहे. बाहेरून काय बसवता येते, ते मात्र त्या काळात पार बदलले. आधी पत्रा कापला जायचा, मग वायर कापली जायची, आणि आजच्या गाडीत दोन्ही न कापता जमेल तेवढेच काम शहाणपणाचे ठरते.

सुरुवात फियाटपासून करावी लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणाऱ्या या गाडीला १९७४मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, त्यामुळे हाती आलेली गाडी पुन्हा पुन्हा रंगवून, गाद्या नव्याने भरून वापरली जाई. जाड पत्रा, लोखंडी बंपर आणि जेमतेम वायरिंग असल्याने ड्रिल आणि स्क्रू-ड्रायव्हर हाताशी असलेल्या कोणालाही त्यात काहीही जोडता येई. पुढे याच कंपनीच्या भागीदारीतून ठाणे जिल्ह्यात, कल्याणच्या कारखान्यात, प्यूजो ३०९ काही वर्षे बनली. पण इथल्या घराघरांत पोहोचली ती दुसरीच गाडी.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८००ची पहिली चावी दिली गेली. ७९६ सीसीची ही गाडी हलकी, काटकसरी आणि आतून अगदी मोजकी होती. दाराच्या आतल्या बाजूला वरचा पत्रा उघडाच दिसे. गाडी घरी आली की रेक्झिनची कव्हरे, रबरी मॅट, मडफ्लॅप आणि टेप ही खरेदी ठरलेली असे. टेपसाठी मागच्या पार्सल ट्रेमध्ये (मागच्या सीटमागच्या फळीत) ६×९ इंचांचे अंडाकृती स्पीकर बसवायचे, हा त्या काळाचा मोठा शौक. कंपनीचा ट्रे पुठ्ठ्यासारख्या बोर्डाचा असल्याने जड चुंबकाच्या स्पीकरने तो वाकायचा आणि आवाज वाढवला की खडखडायचा. त्यावरचा उपाय आजही तोच आहे. मूळ ट्रेचा आकार १२ मिमी प्लायवर उतरवायचा, जिगसॉने भोके पाडायची, प्लायला कापड चिकटवायचे आणि गाडीच्या पत्र्यावर टेकणाऱ्या कडांना फोमची पट्टी लावायची. ट्रे आवळून बसवायला विसरू नये. जोरात ब्रेक लागला तर सुटा ट्रे स्पीकरसकट मागच्या सीटवर बसलेल्यांच्या मानेवर येतो.

पत्र्याला पाडलेल्या भोकांचे दुखणे मात्र इथल्या हवेने लवकर उघडे केले. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७०मध्ये स्थापन झाली, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३मध्ये आला, आणि रेल्वे वाशीला पोहोचायला १९९२ उजाडले. मधल्या काळात घर खाडीच्या पलीकडे आणि नोकरी मुंबईत, अशा अनेक कुटुंबांना गाडी चैनीपेक्षा गरजेचीच होती. खाडीची खारट हवा आणि चार महिने पाऊस, यात मडफ्लॅपच्या स्क्रूभोवतीचा रंग आधी फुगतो आणि मग आतून गंज निघतो. भोक पाडायचेच असेल तर कडेचा लोखंडाचा चुरा पूर्ण काढावा, उघड्या धातूला झिंक प्रायमरचे दोन हात द्यावेत, ते वाळल्यावर रंग लावावा आणि मगच स्क्रू घालावा. पडलेला चुरा रंगावर तसाच राहिला तर पहिल्याच पावसात तिथे तांबूस ठिपके उमटतात.

१९९३मध्ये मोटारउद्योग परवानामुक्त झाला. त्याच वर्षी झेन आली, १९९८मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका, तर २०००मध्ये ऑल्टो. एकाच गाडीची तीन-तीन मॉडेले निघू लागली आणि ‘वरच्या मॉडेलमध्ये आहे ते आपल्यातही बसवू’ ही ओढ लागली. माल आणायला ठाणेकर लोकलने मुंबईतल्या ऑपेरा हाउसच्या बाजारात जात, आणि जुने सुटे भाग हवे असले की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. पुढे घोडबंदर रोडवर वस्ती वाढली तशी दुकानेही इकडे आली.

या काळातले सगळ्यात उपयोगी घरगुती काम म्हणजे सेंट्रल लॉक. किटमध्ये चार मोटर असतात: ड्रायव्हरच्या दारासाठी पाच वायरींची मुख्य आणि बाकी तीन दारांसाठी दोन-दोन वायरींच्या. आधी दाराचे पॅड (आतले आच्छादन) काढावे लागते. काच फिरवायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी एक बारीक क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत फडक्याची पट्टी घालून ती करवतीसारखी मागे-पुढे ओढली की क्लिप बाहेर येते. दुसरा हात तिथेच धरावा, नाहीतर ती उडून हरवते. पॅड सुटले की पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसतो. इथेच बहुतेक कामे बिघडतात, कारण घाईत तो फाडला जातो. काचेवरून उतरलेले पावसाचे पाणी दाराच्या पोकळीतून खालच्या छिद्रांवाटे बाहेर जावे आणि केबिनमध्ये येऊ नये, म्हणून तो कागद असतो. तो फाटला तर जुलैत पॅडचा बोर्ड फुगतो आणि पायाखालचा कार्पेट ओला होतो. कागद हळूच सोलून काढावा आणि परत लावताना ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) सगळ्या कडा बंद कराव्यात. मोटरची सळई कुलुपाच्या मूळ सळईला समांतर असली पाहिजे. ती तिरकी बसली की मोटर अडते आणि आतले प्लास्टिकचे गिअर झिजतात. दार आणि खांब यांच्यामधली वायर रबरी नळीतूनच न्यावी. उघडी सोडली तर दाराच्या उघडझापीत ती तुटते.

त्याच सुमारास १००/९० वॉटच्या (अपर/डिपर) हेडलाइट बल्बची लाट आली. मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा. १२ व्होल्टला ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर, दोन दिव्यांचे १०. बल्ब १०० वॉटचा झाला की हाच आकडा जवळजवळ १७वर जातो. जुन्या छोट्या गाड्यांत हा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जाई. स्विच तापे, कपलर (वायरी जोडणारा प्लग) वितळे, आणि फ्यूज उडतो म्हणून कोणी मोठा फ्यूज घातला तर थेट वायरच जळे. खरा फायदा रिलेचा, म्हणजे थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचचा होता. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूजमार्गे ३० नंबरच्या टोकाला, ८७वरून दिव्याला, ८६ला मूळ स्विचची वायर आणि ८५ अर्थला. इतके केले तर ६०/५५चाच बल्ब पूर्ण व्होल्टेजवर चालून डोळ्यांना जाणवेल इतका उजळतो. १००/९०चा बल्ब नियमात बसत नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

२६ जुलै २००५च्या पुरानंतर केबिनच्या तळाकडे लोकांचे लक्ष गेले. कार्पेटखाली जाड नमदा असतो. वरून कोरडा वाटला तरी तो आत कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो आणि पत्रा खालून कुजतो. अशा वेळी मॅट उन्हात टाकून भागत नाही. सीटचे बोल्ट सोडून, कार्पेट उचलून नमदा वेगळा वाळवावा लागतो. त्या कार्पेटवर चिकटवलेले ‘७डी’ मॅट छान दिसतात, पण खालची ओल झाकून टाकतात. पावसाळ्यात कडा उंच असलेले सुटे ट्रे-मॅट कधीही बरे.

कायद्याने दोन वेळा दिशा बदलली. एप्रिल २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली आणि लोक फिल्म सोलू लागले. मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या) रेषा असतील तर ब्लेड लावायचे नाही. साबणाचे पाणी आणि गरम हवा देत फिल्म रेषांच्याच दिशेने ओढायची, नाहीतर रेषाही निघून येतात. नंतर जानेवारी २०१९मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्या वर्षीच्या दुरुस्त कायद्यात प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रंग बदलला किंवा पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे रॅप लावले तर ठाणे, वाशी किंवा पनवेल, ज्या आरटीओकडे नोंद असेल तिथे आरसीवर बदल चढवावा लागतो.

चाकांबाबत आकडे मांडूनच निर्णय घ्यावा. जुन्या ऑल्टोच्या १४५/८० आर१२ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायरचा व्यास सुमारे ५३७ मिमी, १५५/६५ आर१३चा ५३२. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणून हा बदल रूढ झाला. १६५/६० आर१४ घेतला तर व्यास ५५४ होतो आणि मीटर ६० दाखवत असताना गाडी जवळपास ६२ने धावते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या मॉडेलला स्टिअरिंगही जड जाते. टायरची बाजू ११६ मिमीवरून शंभराच्या आसपास आली की घोडबंदरच्या खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो. अलॉय घेताना बोल्टच्या वर्तुळाचा व्यास जरूर पाहावा. चारच बोल्ट असले तरी तो बहुधा १०० किंवा ११४.३ मिमी असतो आणि एकाचे रिम दुसऱ्याला बसत नाही.

आता काम कपलरवर आले आहे. गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर घेतला तर स्टिरिओ एकही वायर न कापता बसतो. पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीच्या करंटची, काळी अर्थची. पिवळी आणि लाल अदलाबदल झाली तर चावी बंद केली की प्रत्येक वेळी सेटिंग पुसले जाते. दोन्ही थेट बॅटरीला जोडल्या तर काही दिवस उभी राहिलेली गाडी सुरूच होत नाही. काम सुरू करण्याआधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस सोडावी, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना हात लावू नये.

आरामासाठी सध्या सर्वांत जास्त मोल मिळते ते दारांच्या डॅम्पिंगमधून, म्हणजे पत्र्याची थरथर आणि आवाज दाबण्यातून. दोन मिमीचा ब्यूटाइल शीट चौरस मीटरला साधारण तीन-साडेतीन किलो भरतो, म्हणून सगळा पत्रा मढवायची गरज नाही. बाहेरच्या पत्र्याच्या मध्यावर पाव भाग झाकला तरी दार बंद होण्याचा आवाज भरीव होतो. पत्रा स्पिरिटने पुसावा, शीट रोलरने दाबावा, खालची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा डांबरी शीट स्वस्त मिळतो, पण मे महिन्यात तो वास सोडतो आणि ओघळतो.

सीट कव्हरचे गणित तर अलीकडेच बदलले. २०२५मध्ये मारुतीने ऑल्टो के१०लाही सहा एअरबॅग सरसकट दिल्या, आणि त्यांतल्या बाजूच्या दोन पुढच्या सीटच्या कडेतून फुटतात. आवळ रेक्झिनचे जुन्या पद्धतीचे कव्हर त्या अडवू शकते. कव्हर घेताना बाहेरच्या कडेची शिवण एअरबॅगसाठी मुद्दाम कच्ची ठेवली आहे ना, ते विचारावे. दुकानदार खात्रीने सांगू शकत नसेल तर पुढच्या पाठींना कव्हर न घालता फक्त बैठकीला घालावे, आणि मागच्या सीटवर बेल्टची बकले कव्हराखाली दबली नाहीत ना, हे हाताने चाचपून घ्यावे.