मॅकफॅटर, क्लाइड
मॅकफॅटर, क्लाइड : (१५ नोव्हेंबर १९३२–१३ जून १९७२). रिदम अँड ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत) परंपरेतील अमेरिकन गायक. डोमिनोज व ड्रिफ्टर्स या कृष्णवर्णीय गायकवृंदांचा प्रमुख आवाज. जन्म नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथे, बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी. जन्मवर्षाबाबत एकवाक्यता नाही. १९३२ हे बहुतेकांना मान्य आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील माउंट लेबनॉन सिंगर्स या गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या) वृंदातून तो १९५० मध्ये बिली वॉर्डच्या डोमिनोजमध्ये आला.

त्याचा आवाज टिपेचा टेनर (पुरुषाचा उंच आवाज). शब्दाचे एकच अक्षर चार-पाच स्वरांवर फिरवायचे, ही चर्चमधील लकब त्याने प्रेमगीतांत आणली. अशा वेळी मागचे टेनर, बॅरिटोन (मधला आवाज) व बास (खर्जाचा आवाज) यांना लांब स्वर धरून ठेवावे लागतात. तेही हलू लागले, तर शब्द गढूळ होतात. ड्रिफ्टर्सच्या ‘व्हाइट ख्रिसमस’मध्ये (१९५४) ही विभागणी स्वच्छ ऐकू येते : आधी बिल पिंकनी बासमध्ये चाल सरळ मांडतो, मग तीच चाल मॅकफॅटर वरच्या पट्टीत हरकती घेत गातो.

गॉस्पेलची गायकी लौकिक गीतांत आणण्याचे श्रेय अनेकदा गायक-पियानोवादक रे चार्ल्सच्या १९५४ मधील ध्वनिमुद्रणाला दिले जाते. तथापि डोमिनोजच्या ‘हॅव मर्सी बेबी’त (१९५२) ती पूर्णपणे आढळते. हे गीत रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत दहा आठवडे अग्रस्थानी होते. त्यामुळे अग्रक्रम मॅकफॅटरला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

डोमिनोजचे नाव व मिळकत वॉर्डच्या हाती होती. गायक पगारी, शिवाय शिस्तभंगाबद्दल दंड. १९५३ मध्ये मॅकफॅटर बाहेर पडला व जॅकी विल्सन त्याच्या जागी आला. अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या अहमत एर्तेगुनच्या आग्रहाने त्याने ड्रिफ्टर्स उभारला. माउंट लेबनॉनमधील जुन्या सोबत्यांसह केलेले पहिले ध्वनिमुद्रण समाधानकारक ठरले नाही. मग पिंकनी व थ्रॅशर बंधू आले आणि ‘मनी हनी’ अकरा आठवडे अग्रस्थानी राहिले. १९५४ मध्ये सक्तीची लष्करी सेवा लागली. पुढे त्याने वृंदातील आपला वाटा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेलला विकला; याची त्याला नंतर खंत वाटली. सोबती पुन्हा पगारी झाले. १९५८ मध्ये ट्रेडवेलने सर्वांना काढून फाइव्ह क्राउन्स या वेगळ्याच वृंदाला ड्रिफ्टर्स हे नाव दिले.

एकल गायक म्हणून ‘अ लव्हर्स क्वेश्चन’ (१९५८) व ‘लव्हर प्लीज’ (१९६२) गाजली. नंतर मद्यपान वाढले. काही काळ इंग्लंडमध्ये राहून तो परतला. वयाच्या ३९ व्या वर्षी निधन. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश १९८७.