रेस्टॉरंटमधले संगणकीकरण आणि स्वयंचलन: फरक नेमका कुठे पडतो

टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, वेटरच्या हातात टॅबलेट असतो, स्वयंपाकघरात भिंतीवर पडदा लावलेला असतो आणि बिल छपाईयंत्रातून निघते. एवढे दिसले की ‘इथे सगळे ऑटोमॅटिक आहे’ असे सहज म्हटले जाते. मालक तसे अभिमानाने सांगतात आणि सॉफ्टवेअर विकणारे तर हमखास सांगतात. प्रत्यक्षात बिलाची बेरीज सोडली, तर या चार वस्तूंपैकी एकीनेही स्वतःहून काही केलेले नसण्याची शक्यता पुष्कळ असते. ऑर्डर माणसाने घेतली, पडदा माणसाने वाचला, आधी कोणता पदार्थ करायचा हे माणसाने ठरवले आणि संपलेला माल माणसानेच मागवला. झाले ते संगणकीकरण. स्वयंचलन झालेच नाही.

संगणकीकरणात कागदावरची किंवा तोंडी निरोपातली माहिती यंत्रात जाते, तिथे टिकते आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वेगाने पोचते. स्वयंचलनात एखादी कृती किंवा निर्णय त्या क्षणी कोणी हात न लावता घडतो. दोन्हींची गल्लत होते, कारण दोन्ही बहुधा एकाच पडद्यावर दिसतात आणि एकाच करारात विकली जातात. ती वेगळी करण्याचा सोपा उपाय म्हणजे एक प्रश्न विचारणे: पुढचा अर्धा तास या यंत्राकडे कोणीच लक्ष दिले नाही, तर काय होईल? माहिती नुसती पडून राहणार असेल, तर ते संगणकीकरण. बरोबर असो वा चूक, काहीतरी घडणारच असेल, तर ते स्वयंचलन.

या दोन गोष्टी एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत, हा समज इतिहासातही टिकत नाही. रोखीची नोंद ठेवणारे यंत्र जेम्स रिट्टी या मद्यगृहाच्या मालकाने अमेरिकेतल्या डेटन शहरात १८७९ मध्ये तयार केले, ते नोकरांचा हात गल्ल्यात जाऊ नये म्हणून. त्याचे काम विक्रीचा आकडा सर्वांना दिसेल असा दाखवण्याचे होते आणि आजच्या बिलिंग प्रणालीचा मूळ स्वभाव अजूनही तोच, म्हणजे नोंद ठेवण्याचा, आहे. उलट योशिआकी शिराइशी यांनी १९५८ मध्ये जपानच्या ओसाका परिसरात सुशीच्या थाळ्या सरकत्या पट्ट्यावरून ग्राहकांपर्यंत नेणारे रेस्टॉरंट सुरू केले, तेव्हा वाढण्याचे काम पूर्ण स्वयंचलित झाले, पण त्यात संगणक नावालाही नव्हता. ठरलेल्या वेळी टोपली तेलातून वर उचलणारी तळणयंत्रे आणि तापमान राखणाऱ्या भट्ट्याही याच जातीच्या. म्हणजे संगणकाशिवाय स्वयंचलन असू शकते आणि स्वयंचलनाशिवाय संगणक तर जागोजागी आहे.

तिसरा प्रकार दिसण्यातून फसवणारा. हॉर्न अँड हार्डार्ट या कंपनीने १९०२ मध्ये फिलाडेल्फियात ‘ऑटोमॅट’ उघडले. खाचेत नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, काचेचे छोटे दार उघडायचे आणि आतली बशी घ्यायची. ग्राहकाला माणूस दिसत नसे. पण भिंतीमागे उभे असलेले कामगार रिकामे झालेले कप्पे सतत भरत असत. आपोआप होत होती ती विक्री. स्वयंपाक आणि मांडणी हातांनीच चालत होती. शेवटचे ऑटोमॅट न्यूयॉर्कमध्ये १९९१ मध्ये बंद झाले, पण माणूस दिसला नाही म्हणजे माणूस नाहीच, हा निष्कर्ष काढण्याची सवय काही बंद झाली नाही. आजच्या ऑर्डर घेणाऱ्या किऑस्ककडे पाहताना ती आठवावी. किऑस्क बहुतांशी ऑर्डर नोंदवण्याचे काम काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडून काढून ग्राहकाकडे देतो. काम आहे तेवढेच राहते, फक्त ते करणारा बदलतो आणि त्याला पगार द्यावा लागत नाही. क्यूआर कोडमागे नुसते मेन्यूकार्डाचे चित्र असेल, तर तेवढेही घडत नाही.

ऑर्डरच्या प्रवासात हा फरक बारकाईने दिसतो. पूर्वी वेटर कागदावर केओटी (किचन ऑर्डर तिकीट, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी) लिहून स्वयंपाकघरात नेऊन देत असे. आता टॅबलेटवर नोंदवलेली ऑर्डर क्षणात पडद्यावर उमटते. अक्षर लागत नाही, चिठ्ठी तेलात पडते, मधेच हरवते, या तक्रारी संपतात, आणि हा लाभ मोठा आहे. तरीही चिठ्ठीच्या जागी पडदा आला एवढेच घडले. समजा, एका टेबलाच्या ऑर्डरमध्ये बारा मिनिटे लागणारा एक पदार्थ आहे आणि चार मिनिटांत होणारा दुसरा. साधा पडदा दोन्ही एकदम दाखवतो आणि कोणता कधी चढवायचा हे मुख्य स्वयंपाक्याच्या अनुभवावर सोडतो. वेळेचा हिशेब करणारी प्रणाली पहिला पदार्थ लगेच दाखवते, दुसरा आठ मिनिटे मागे ठेवते आणि मग त्या विभागाच्या पडद्यावर आणते, म्हणजे दोन्ही बश्या एकाच वेळी तयार होतात. इथे निर्णय माणसाकडून यंत्राकडे गेला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी सारखाच पडदा दिसतो, म्हणून नुसत्या फोटोवरून किंवा विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावरून हा फरक कळत नाही.

हा निर्णय यंत्राकडे देताना मात्र एक जुनी मानवी सवय आडवी येते. पदार्थ तयार झाला की स्वयंपाकी बटण दाबून ती ऑर्डर पडद्यावरून काढतो आणि प्रणाली त्या क्षणाला पदार्थ पूर्ण झाल्याची वेळ समजते. याच वेळांवरून कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन होऊ लागले, तर बटण पदार्थ बाहेर पडण्याच्या आधीच दाबले जाऊ लागते. नुसत्या संगणकीकरणात त्याने फार बिघडत नाही. अहवाल खोटा ठरतो आणि अनुभवी व्यवस्थापकाला ते ठाऊकही असते. पण याच वेळांवर पुढच्या ऑर्डर कधी सोडायच्या किंवा ग्राहकाला किती मिनिटे थांबायला सांगायचे हे यंत्र ठरवत असेल, तर खोटी नोंद थेट स्वयंपाकघरातल्या गर्दीत उतरते.

घरपोच ऑर्डरींचे उदाहरण याहून बोलके आहे. वेगवेगळ्या ॲपचे टॅबलेट काउंटरवर रांगेने ठेवलेले असतात आणि एक कर्मचारी प्रत्येकावर आलेली ऑर्डर वाचून बिलिंग प्रणालीत पुन्हा टाइप करत असतो. दोन्ही बाजूंना संगणक आहे, मधला दुवा माणूस आहे आणि चुका नेमक्या त्या दुव्यात होतात. या प्रणाल्या एकमेकींना जोडल्या, की ऑर्डर थेट स्वयंपाकघरात जाते, आणि एखादा पदार्थ संपला अशी नोंद एका ठिकाणी होताच तो सगळ्या ॲपवरून उतरतो. माझ्या मते स्वयंचलनावर खर्च करायचाच असेल, तर रोबोटच्या आधी तो अशा जोडणीवर करावा. ती दिसत नाही, तिचे फोटो निघत नाहीत, पण गर्दीच्या वेळी एका माणसाचे लक्ष मोकळे होते.

साठ्याच्या बाबतीत दोन्हींमधला फरक सर्वांत महाग पडू शकतो. संगणकीकृत साठा म्हणजे आलेल्या मालाची आणि मोजलेल्या शिल्लक मालाची तक्त्यात नोंद. त्याच्या पुढची पायरी म्हणजे प्रत्येक पदार्थाची पाककृती प्रमाणांसह प्रणालीत भरणे, म्हणजे बिल झाले की तेवढा कच्चा माल साठ्यातून आपोआप वजा होतो. समजा, एका पदार्थाला १०० ग्रॅम चीज लागते असे प्रणालीत भरले आहे, पण स्वयंपाकी सरासरी १२० ग्रॅम वापरतो. २०० बश्या विकल्यावर हिशेबात २० किलो खर्च दिसतो आणि प्रत्यक्षात २४ किलो संपलेले असते. आठवड्याच्या शेवटी माल मोजला, की हा चार किलोंचा फरक हाती लागतो, आणि तो जास्त वाढण्यामुळे, नासाडीमुळे की चोरीमुळे पडला हे शोधता येते. इथपर्यंत यंत्राने नुसता आरसा दाखवला. ठरलेल्या पातळीखाली साठा गेला की पुरवठादाराला मागणी आपोआप जावी, अशी सोय चालू केली की तोच फरक वेगळे रूप घेतो. प्रणालीच्या मते अजून चार किलो चीज शिल्लक असते, म्हणून ती मागणी पाठवत नाही, आणि शनिवारच्या रात्री फ्रिज रिकामा निघतो. प्रमाणे तपासल्याशिवाय आपोआप मागणीची सोय चालू करणे म्हणजे चुकीला पगारावर ठेवणे आहे.

शीतगृहाच्या तापमानाची नोंद या दोहोंच्या मधोमध बसते. अन्नात जंतू वेगाने वाढतात तो पट्टा साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस मानला जातो, त्यामुळे फ्रिजचे तापमान दिवसातून अनेकदा लिहून ठेवण्याची पद्धत आहे. वहीऐवजी टॅबलेटवर आकडा भरला, तर ते संगणकीकरण. न पाहता अंदाजे आकडे भरणे वहीत जितके सोपे होते तितकेच टॅबलेटवरही राहते. संवेदक (सेन्सर) बसवून तापमान दर काही मिनिटांनी आपोआप नोंदले गेले, तर नोंद स्वयंचलित झाली. तापमान वाढताच फोनवर इशारा आला, तर लक्ष ठेवण्याचे कामही यंत्राकडे गेले. पण माल दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवणे अजून माणसाच्याच हाती आहे, आणि रात्री तीन वाजता तो फोन कोणाकडे वाजणार हे ठरलेले नसेल, तर सगळी साखळी पुन्हा नुसत्या नोंदीवर येऊन थांबते.

जिथे दावा स्वयंचलनाचा असतो, तिथे तर हाच प्रश्न अधिक कसून विचारला पाहिजे. गाडीतूनच ऑर्डर देणाऱ्या ग्राहकांशी बोलणारी यंत्रणा मॅकडोनाल्ड्सने आयबीएमच्या साहाय्याने २०२१ पासून अमेरिकेत आजमावली. ती शंभराहून अधिक ठिकाणी पोचली आणि २०२४ मध्ये तो प्रयोग थांबवण्यात आला. गोंगाट, वेगवेगळे उच्चार आणि मधेच बदलणारी मागणी यांमुळे हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे. त्याच क्षेत्रातल्या प्रेस्टो ऑटोमेशन या कंपनीवर अमेरिकेच्या रोखे नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. आपल्या आवाजी प्रणालीमुळे ऑर्डर घेण्यासाठी माणूस लागत नाही असा कंपनीचा दावा होता, पण बहुसंख्य ऑर्डरींमध्ये माणसाला हस्तक्षेप करावा लागत होता. ऑटोमॅटच्या भिंतीमागचे कामगार इथे दूर कुठेतरी, कानाला हेडफोन लावून बसलेले होते.

यांत्रिक हातांची गोष्ट थोडी निराळी, कारण त्यांचे स्वयंचलन खरे असते. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे ‘फ्लिपी’ हा बर्गर उलटणारा रोबोट कामाला लागला आणि लगेचच त्याला विश्रांती द्यावी लागली. तो आपले काम करत होता, पण त्याच्या आधीची आणि नंतरची कामे करणाऱ्या माणसांना त्याच्या वेगाशी जमवून घेता येईना. साखळीतला एकच दुवा स्वयंचलित केला, की ताण शेजारच्या दुव्यांवर जातो. पुढे हा रोबोट तळणविभागाकडे वळवला गेला, आणि ते सयुक्तिकच होते, कारण टोपली बुडवणे, वेळ मोजणे आणि ती उचलून निथळवणे ही हालचाल ठरावीक आहे आणि गरम तेलाजवळ उभे राहायला कोणाला आवडत नाही.

दोन्ही व्यवस्था बिघडतात तेव्हा त्यांचे वेगळेपण सर्वांत स्पष्ट होते. संगणकीकृत व्यवस्था बंद पडते आणि बंद पडल्याचे लगेच कळते; पडदा काळा झाला की वेटर कागद काढतात आणि तासाभराची गैरसोय सोसून काम पुढे जाते. स्वयंचलित व्यवस्था बऱ्याचदा बंद न पडता चुकीची चालू राहते: संपलेला पदार्थ विकत राहते, नको असलेला माल मागवत राहते, बिघडलेल्या संवेदकाचा सुखरूप आकडा नोंदवत राहते. म्हणून दोन्हींची तयारी वेगळी करावी लागते. पहिलीसाठी काउंटरच्या खणात केओटीचे कोरे पुस्तक आणि छापील दरपत्रक असले, तरी भागते. दुसरीसाठी कोणता आकडा कोणी ठरवला, तो शेवटचा कधी तपासला आणि यंत्राचा निर्णय रद्द करण्याचा अधिकार त्या पाळीत कोणाला आहे, हे आधी लिहून ठेवावे लागते. तो अधिकार फक्त मुख्य कार्यालयाकडे असेल, तर संपलेल्या पदार्थाची ऑर्डर घेतली जाताना डोळ्यांसमोर दिसूनही काउंटरवरचा माणूस ती थांबवू शकत नाही.